गोरोबा: एका नावाचा अर्थ

गोरोबा हे पुरुषनाम धाराशिव जिल्ह्यात आणि शेजारच्या लातूर-सोलापूरच्या खेड्यांत ऐकू येते. त्याची घडण सोपी आहे. संस्कृत ‘गौर’पासून ‘गोरा’, म्हणजे उजळ वर्णाचा. त्याला आदराचा आणि मायेचा ‘बा’ लागला की गोरोबा. विठोबा, खंडोबा, ज्ञानोबा, तुकोबा ही याच वळणाची नावे. ‘गोरख’ मात्र वेगळे. ते गोरक्षनाथांवरून आले.

हे नाव रुजले ते तेरणाकाठच्या तेर गावामुळे. संत गोरा कुंभार इथलेच. परंपरेने त्यांचा जन्म १२६७चा आणि समाधी १३१७ची मानतात. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सगळ्यांचे ‘काका’. अभंगांत ते स्वतःला नुसते ‘गोरा कुंभार’ म्हणवतात. ‘बा’ आणि ‘काका’ ही लोकांनी घातलेली भर.

त्यांच्याविषयीच्या आख्यायिकांत वर्णाला काहीच स्थान नाही. चिखल तुडवताना विठ्ठलनामात ते इतके रंगले की पायाखाली आलेले स्वतःचे तान्हे मूलही त्यांना कळले नाही. दुसरी कथा थापटण्याची. ओले मडके ठोकून घडवायचे ते लाकडी थापटणे घेऊन काकांनी एकेका संताच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे निमूट बसले, नामदेव कुरकुरले. काकांनी त्यांना कच्चे मडके ठरवले. मग नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केले.

दिसण्यावरून किंवा लाडाने पडलेले नाव संतामुळे मोठे होण्याची गोष्ट इटलीतही घडली. असिसीच्या कापडव्यापाऱ्याच्या मुलाचे बाप्तिस्म्यातले नाव जोव्हान्नी. वडील त्याला फ्रान्चेस्को, म्हणजे ‘फ्रान्सकडचा’, म्हणू लागले. पुढे तो संत फ्रान्सिस झाला. १२२६ साली वारला आणि दोनच वर्षांनी त्याला संतपद मिळाले. त्यानंतर हे नाव इटलीभर पसरले. ते ठेवणाऱ्याला फ्रान्सशी देणेघेणे असण्याची गरज उरली नाही.

गोरोबाचेही तसेच. काळ्यासावळ्या मुलालाही हे नाव शोभते, कारण ठेवणाऱ्याच्या मनात वर्ण नसतो, तेरचे काका असतात. कोशातला अर्थ नावाच्या जन्मापुरता खरा. पुढचा अर्थ ते नाव वागवून गेलेल्या माणसाने कमावलेला असतो.