काकांची फी

चाकणला आमचा खोक्यांचा कारखाना ज्या शेडमध्ये चालतो, तिच्या एकाही कागदावर काकांची सही नाही. डिझाइन पुरवठादाराचं, पाया कंत्राटदाराचा, कर्ज बँकेचं. तरीही शेड कुणी उभी केली असं कुणी विचारलं, तर मी काकांचंच नाव सांगतो. ते वडिलांचे जुने स्नेही. उमेदीची वर्षं साखर कारखान्यांच्या इमारतींची डिझाइनं करण्यात गेली, निवृत्त होऊन निगडीत स्थायिक झाले होते.

त्याआधी आम्ही भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये होतो. अँगलच्या कैच्या, सिमेंटचे पत्रे आणि मधोमध खांब. क्राफ्ट पेपरचा रोल घेऊन फोर्कलिफ्ट वळवायची म्हणजे ड्रायव्हरची परीक्षाच. म्हणून स्वतःच्या प्लॉटवर पीईबी, म्हणजे प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग, घ्यायची ठरली. सगळे भाग कारखान्यातच कापून, वेल्डिंग करून, भोकं पाडून येतात आणि जागेवर बोल्टांनी जोडले जातात. मधे खांब नाही, शिवाय इकडे पाया होतोय तोवर तिकडे लोखंड तयार. काका याच्या बाजूचे होते, पण आंधळे भक्त नव्हते. ‘गॅरेजएवढी शेड असती तर पाइपची कैची मारून मोकळा हो म्हटलं असतं,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

कोटेशनं आली. वडिलांचा कल अर्थातच सर्वांत स्वस्ताकडे. काकांनी दराकडे बघितलंही नाही. ‘भार कुठे लिहिलेत?’ म्हणत थेट मागचं पान काढलं. हे कोटेशन स्वस्त होतं ते लोखंड कमी म्हणून. तसं कमी लोखंड हा पीईबीचा गुणच. फ्रेम जिथे ताण जास्त तिथे रुंद, कमी तिथे निमुळती. प्लेटही नेहमीच्या 250 ऐवजी 345 मेगापास्कलच्या पोलादाची. पण हे तर सगळ्याच कोटेशनांत होतं. मग हीच शेड एवढी हलकी कशी?

वाऱ्याचा वेग सगळ्यांनी पुण्याचा, म्हणजे सेकंदाला 39 मीटर धरला होता. फरक निघाला आतल्या दाबात. आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात याचे आकडे आहेत. भिंतीचा 5 टक्क्यांपर्यंत भाग उघडा असेल तर गुणांक 0.2, 20 टक्क्यांपर्यंत 0.5, त्यापुढे 0.7. स्वस्त कोटेशनवाल्या गृहस्थांनी 0.2 धरला होता, आणि आमच्या एका अंगाला ट्रक लागायची भलीमोठी शटरं, दिवसभर सताड उघडी. उघड्या शटरातून शिरलेला वारा छत्री उलटी करावी तसा छताला आतून उचलतो.

‘वादळ आलं की तू आधी शटर ओढणार, का भिजणारा ट्रक आत घेणार?’ काकांनी मला विचारलं.

‘ट्रक.’

‘मग 0.7 धरायला सांग. शेड खाली बसेल याची चिंता नको करू, वर जाईल याची कर.’

नवा हिशेब आला तेव्हा ते कोटेशन स्वस्त उरलं नव्हतं.

पाया भरायच्या दिवशी काका स्कूटरवरून टेप घेऊन आले. फाउंडेशन बोल्टांच्या ओळींचे कर्ण मोजताना एका खांबाचा संच बोटभर सरकलेला निघाला. रेडिमिक्सची गाडी फाटकात ड्रम फिरवत उभी. सुपरवायझर म्हणाला, ‘भरून घेऊ साहेब, नंतर बेसप्लेटचं भोक गॅसनं वाढवू, वर वॉशर टाकला की दिसणारसुद्धा नाही.’ काका आवाज चढवणारे नव्हेत. ते टेम्पलेटशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘आधी सरळ कर, मग भर.’ तो संच सरळ होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. इरेक्शनच्या वेळी एकाही बेसप्लेटला गॅस लावावा लागला नाही.

पत्रे चढल्यावर त्यांनी आणखी एक काम लावलं, ज्याला सगळे हसले. स्क्रू मारताना पडणारा लोखंडाचा बुरादा रोज संध्याकाळी मऊ झाडूने पत्र्यावरून झाडून काढायचा. बुरादा पत्र्यावर राहिला की तिथेच गंजतो आणि गॅल्व्हल्यूमचा थर खराब करतो. कागदाच्या धंद्यात छताला भोक म्हणजे रोलच वाया. आगीबद्दलही त्यांचं भाबडेपण नव्हतं. लोखंड जळत नसलं तरी 550 अंशांच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते, हे सांगून त्यांनी कागदाचा साठा आणि यंत्रं यांच्यामध्ये विटांची भिंत घालायला लावली. भिंतीचा खर्च वडिलांना खटकला होता. मला आज ती शेडमधली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

फीचा विषय वडिलांनी काढला तेव्हा काकांनी तो तिथेच मिटवला. ‘माझ्या पहिल्या नोकरीत एका हेडमिस्त्रीनं मला ड्रॉइंग वाचायला शिकवलं, त्याला मी काय दिलं होतं?’ एवढंच म्हणाले. दिवाळीचा फराळ मात्र ते हक्कानं मागून घ्यायचे, त्यातही चकली जास्त.

काका आता नाहीत. तुम्ही शेड बांधत असाल तर किलोचा दर नंतर विचारा, भारांचं पान आधी मागा. ते वाचता येत नसेल तर कोटेशन घेऊन चाकणला या. फी काकांच्याच दराने.