भर

‘भर घालणे’ हा वाक्प्रचार आम्ही वर्गात नेहमीच गौरवाने वापरत आलो आहोत. अमुक कवीने परंपरेत मोलाची भर घातली, असे म्हटले की त्याचे स्थान निश्चित झाले, असा आमचा समज. आम्ही दोघेही, पती आणि पत्नी, मराठीचे अध्यापक. या वाक्प्रचाराची दुसरी बाजू मात्र आम्हाला आमच्या मोटारीने दाखवली.

मे २०२३ मध्ये पुण्याहून साताऱ्याला परतताना, खंबाटकीचा घाट चढत असता, तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला. मागच्या आसनावर आप्पा होते. वय ब्याऐंशी, नुकतीच हृदयाची तपासणी करून आलेले. गाडी कडेला घेऊन रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तोच शेजारी थांबलेला ट्रकचालक ओरडला, ‘‘ओ साहेब, हात मागं घ्या! भाजून निघाल!’’ बंद टोपणाखालच्या दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण निघताच दाब सुटतो आणि ते उसळून अंगावर येते. हे त्याला ठाऊक होते, आम्हाला नव्हते. इंजिन निवेपर्यंत आप्पांचा घाम पुसत बसण्यापलीकडे आम्हाला काहीच करता आले नाही.

चूक आमचीच होती. आप्पांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीत ते रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत. तोच संस्कार आम्ही नव्या गाडीवरही केला. टाकीतली पातळी उतरली की बोअरचे पाणी ओतायचे. आपण गाडीची काळजी घेतो, याचे समाधानही होते. वस्तुतः प्रत्येक भरीबरोबर आतले कूलंट पातळ होत होते. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते आणि त्यातली गंजरोधक द्रव्ये धातूचे रक्षण करतात. ही द्रव्ये कालांतराने संपतात, म्हणून ठरावीक मुदतीनंतर कूलंट बदलावेच लागते. जड पाण्यातले क्षार उलट आत थर धरतात आणि उष्णता बाहेर पडू देत नाहीत.

पुढच्या रविवारी, इंजिन पूर्ण थंड असताना, आम्ही अंगणात कामाला लागलो. खाली घमेले ठेवले, टोपण काढले आणि रेडिएटरच्या तळाचा होज पाइप पकडीने क्लिप सैल करून ओढला. हिरवे द्रव येईल अशी अपेक्षा होती. आले ते विटकरी, गढूळ पाणी. पाइप पुन्हा बसवून साध्या पाण्याने दोनतीनदा धुतले, प्रत्येक वेळी हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन थोडे चालवले आणि ते निवल्यावरच पाणी सोडले. शेवटी स्वच्छ पाणी आले.

आप्पा ओसरीवरून पाहत होते. घमेल्यातला गाळ पाहून म्हणाले, ‘‘पाणी घालायची सवय मीच लावली तुम्हांला.’’ आम्ही निरुत्तर झालो. आप्पांचे त्या काळी चुकले नव्हते. गाडी बदलली होती आणि आम्ही विचारले नव्हते. आमच्या टिपणवह्याही अशाच आहेत. दरवर्षी समासात एखादे नवे नाव, एखादा नवा संदर्भ आम्ही लिहितो. मूळ टिपण मात्र विद्यार्थिदशेतले आहे, आणि ते आजच्या मुलांना किती पोहोचते, हे आम्ही तपासलेले नाही.

गल्लीतले कुत्रे घमेल्याजवळ घुटमळू लागले, तेव्हा आम्ही ते तातडीने झाकले. ग्लायकॉल चवीला गोड असते आणि मूत्रपिंडे निकामी करून जीव घेते. म्हणून ते गटारात न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे दिले.

नवे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळले. ओतण्याच्या वेळी आप्पा खाली उतरले आणि त्यांनी नरसाळ्याकडे हात पुढे केला. हात थरथरत होता, म्हणून आम्ही खालून कॅनला आधार दिला. मग टोपण उघडे ठेवूनच इंजिन चालू केले. हवेचे बुडबुडे येत राहिले, ते थांबेपर्यंत आप्पा थोडे थोडे घालत होते. पंखा फिरून थांबला, तेव्हा इंजिन बंद केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बोटभर उतरलेली दिसली. आप्पांचा हात सवयीने तांब्याकडे गेला; मग तेच थांबले आणि म्हणाले, ‘‘ते उरलेलं मिश्रण आण बघू.’’

टिपणवह्या अजून तशाच आहेत. जूनमध्ये वर्ग भरण्यापूर्वी त्यांतली निदान एक तरी कोरी करून पुन्हा लिहायची, असे आम्ही ठरवले आहे.