तात्यांचा कॉर्डलेस

१० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास आमचा हिंगोली जिल्हा हादरला. ४.५ तीव्रतेचा धक्का. मी पुण्यात होतो. वसमतला घरी तीनदा फोन लावला, लागला नाही. चौथ्यांदा आई म्हणाली, "भांडी वाजली बाबा, बाकी काही नाही." मधल्या त्या पाच मिनिटांत मला काकांचा रेडिओ आठवला.

काका शाळामास्तर. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात हॅम रेडिओवाल्यांनी बिनतारी निरोप पोचवले, हे वाचून ते इतके भारावले की परीक्षा देऊन दिल्लीचा परवाना काढला. गच्चीवर तार, खाली टेबलावर स्वतः जोडलेला ट्रान्समीटर. २००० च्या आसपास सूर्यावर डाग वाढले होते. अशा काळात २४ मेगाहर्ट्झच्या वर दुपारी दुपारी युरोप ऐकू येतो. मी दहावीत होतो, अभ्यासापेक्षा हेच जास्त चालायचं.

शेजारी तात्या. हळदीचे व्यापारी. पोराने बाहेरून कॉर्डलेस फोन आणून दिला होता, तो खांद्याला लावून ते अंगणभर फिरायचे. एके दुपारी फोन हातात घेऊनच आमच्या दारात.

"मास्तर, काय लावलंय हो? सांगलीचा माणूस भाव सांगायलाय अन् त्याला निस्ती घरघर ऐकू येती!"

चूक आमचीच होती. तुम्ही एका फ्रिक्वेन्सीवर बोलता तेव्हा घरी जोडलेला सेट तिच्या दुपटीवर, तिपटीवरही थोडं थोडं बोलत असतो. याला हार्मोनिक म्हणतात. त्या काळचे असे कॉर्डलेस दोन वाटांनी बोलायचे: तळातला डबा ४६ मेगाहर्ट्झवर, हातातला फोन ४९ वर. काका २४.९४५ वर बोलत होते. दुप्पट करा, ४९.८९. हा त्या फोनांच्या दहापैकी एक चॅनलच! तात्यांचा डबा त्यांच्या हातातल्या फोनाऐवजी आमच्या तारेचं ऐकत होता.

पण तात्यांचा चॅनल नक्की हाच का? काकांनी मला जुना स्कॅनर दिला आणि ४६ च्या आसपास शोधायला सांगितलं. ४६.८३ सापडला, की जोडीचा ४९.८९ असणार. आकडा मिळाला की बंद कर, एवढंच काम.

सापडला. तात्यांचा आवाज इतका स्वच्छ आला की मी दचकलो. डबा पलीकडच्याचं आणि अलीकडच्याचं, दोन्ही बोलणं हवेत सोडतो. तात्या हैदराबादच्या मेव्हण्याशी बोलत होते. मावशींच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता. "तिला सांगू नको," ते म्हणाले. नंतर बराच वेळ काही नाही, फक्त श्वास.

मी आकडा मिळाल्यावरही बंद केलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

काकांना चेहऱ्यावरूनच कळलं असावं. मी दोन वाक्यं बोललो तर त्यांनी हात वर केला. "आपल्यासाठी नव्हतं ते. परवान्यात तशी अटच आहे, आणि नसती तरी." मग काही झालंच नाही असं दाखवत वही ओढली. ४९.८९ आणि ४९.९३ या दोन चॅनलच्या बरोबर मध्ये ४९.९१. त्याचा अर्धा, २४.९५५. तिथे सरकायचं. शिवाय दुप्पट बाहेरच जाऊ नये म्हणून आठवडाभर गुंडाळ्या करून तारेच्या वाटेवर एक फिल्टर बसवला. (पहिला फिल्टर बिघडला, माझ्याच गुंडाळ्या चुकल्या होत्या.) घरघर गेली.

तात्या आभार मानायला आले तेव्हा काका म्हणाले, "तात्या, भावाचं काय, कशावरही बोला. पण घरचं बोलायचं असलं तर वायरवाल्या फोनावरून बोलत जा. हा हवेत बोलतो, कुणालाबी ऐकू जातं."

तात्यांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गुंडाळीची तार सोडवत बसलो. "बरं," एवढंच म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवसापासून जुना काळा फोन पुन्हा खिडकीशी आला. तात्या पाठ फिरवून, तोंडावर हात धरून बोलायचे. संध्याकाळी मावशींनी कुंपणावरून हाक मारली. नेहमीसारखा शिरा केला होता.

"आज भूक नाही का रे?" त्या म्हणाल्या.

मी वाटी घेतली. वर पाहिलं नाही.