दगडात नसलेली जाडी

वेरूळच्या पंधराव्या लेण्यात नरसिंहाच्या तावडीत सापडलेल्या हिरण्यकशिपूच्या हाती तलवार आणि ढाल आहे. राष्ट्रकूटांच्या काळातली, आठव्या शतकातली अशी तलवार लोखंडात उतरवायची, तर पहिली अडचण जाडीची. काळ्या पाषाणात पाते पातळ कोरले तर तुटते. म्हणून शिल्पी ते जाड ठेवतो, नाहीतर मागच्या भिंतीला जोडूनच ठेवतो. आकार मिळतो, पाठीची जाडी मिळत नाही. शिवाय वेरूळच्या शिल्पांवर गिलावा आणि रंग होता. मुठीची नक्षी त्यासोबतच गेली असावी.

म्हणून मी आधी मूर्तीचा हात बघतो. चार बोटांची रुंदी हेच माझे माप. मूर्ती केवढीही असो, त्या मापाने पाते मोजता येते. वराहमिहिराने बृहत्संहितेत उत्तम खड्ग 50 अंगुळांचे, कनिष्ठ 25 अंगुळांचे सांगितले आहे. अंगुळ म्हणजे एका बोटाची रुंदी; ते पाऊण इंचाचे धरले तर साधारण 37 आणि 19 इंच. मी मधली 30 इंच लांबी धरली. पाते सरळ, टोकाकडे रुंदावणारे. बोटांवरून येणारी परज नाही. पुढे खंडा या तलवारीने असे पाते राखले, मूठ मात्र बदलली.

घणाचे काम चिकलठाण्याकडच्या भट्टीवर, कानस आणि मूठ पुंडलिकनगरच्या आमच्या गच्चीवर. लोखंड म्हणजे ट्रकचा जुना कमानपाटा. तापलेल्या पट्टीला लोहचुंबक चिकटेनासे झाले की ती तेलात बुडवून पाणी द्यायचे. धार लावायची नाही, हे आधीच ठरलेले.

रुंद टोक जड होते, म्हणून पाते मुठीकडे 5 मिलिमीटर ठेवून टोकाकडे 2 पर्यंत उतरवले. हा उतार कुठल्याच शिल्पात दिसत नाही, पण तो नसेल तर उगारलेला हात शिल्पातल्यासारखा सैल राहणारच नाही, मनगट ताठरते. मूठ जेमतेम चार बोटांची, खाली चपटी चकती. भोसकायला हात पुढे नेला की ती मनगटात रुतते. वरून घाव घालताना तीच हात निसटू देत नाही. ही तलवार छाटायचीच, असे मी आता ठामपणे म्हणतो. पुढचे पाते याहून दोन बोटे आखूड करणार आहे, ढालीमागून फिरवायला तेवढेच सोयीचे.