निकाहनामा, नोंदणी आणि व्हिसा : चाकण पट्ट्यातला एक प्रवास

भोसरीहून राजगुरुनगरच्या बसमध्ये सकाळी सातला बसायला जागा मिळाली, तर तो दिवस चांगला जाणार असे समजावे. मोशी गेली, इंद्रायणीचा पूल आला, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा असे करत बस चाकणच्या चौकात येते. वाटेत दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती, कंटेनरच्या रांगा आणि निळ्या-राखाडी गणवेशातली पोरे. माझी थोरली बहीण, आमची आपा, चाकणला राहते. त्यामुळे हा रस्ता मला पंचवीस वर्षांपासून ओळखीचा आहे. गेल्या दोन वर्षांत मात्र मी तो एका वेगळ्याच कामासाठी तुडवला. भाचीला नवऱ्याकडे परदेशी पाठवायचे होते.

चाकण म्हटले की पूर्वी दोनच गोष्टी आठवायच्या. एक कांद्याचा बाजार आणि दुसरा संग्रामदुर्ग. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेपुढे हा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. आज त्या किल्ल्याच्या आसपास भाड्याच्या खोल्या आहेत आणि त्यांत लातूर, बीड, सोलापूरपासून बिहारपर्यंतची माणसे राहतात. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि गावे शहर होत गेली. 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकणला सुरू झाले. आपाचे मिस्टर लातूरकडून मशीनवर काम करायला आले, त्या पिढीचा प्रवास इथे येऊन थांबला. त्यांच्या मुलांचा आणि जावयांचा प्रवास इथून पुढे सुरू होतो. कोणी शारजाला, कोणी दम्मामला, कोणी जर्मनीला.

आमचा जावई इंजिनिअर. चाकणच्या एका कारखान्यात चार वर्षे काढली, मग जर्मनीत नोकरी मिळाली. तीन आठवड्यांची रजा घेऊन तो निकाहसाठी आला. निकाह झाला, वलीमा झाला, दोन्हीकडच्या दावती झाल्या. तीन आठवडे संपले आणि जावई विमानात बसला. सगळे अल्हम्दुलिल्लाह म्हणाले. आठवड्याने त्याचा फोन आला, "खाला, व्हिसासाठी लग्नाचे प्रमाणपत्र लागेल."

आपा म्हणाली, "आहे की! निकाहनामा कपाटात ठेवलाय."

निकाहनामा होता. काझीसाहेबांच्या सुबक उर्दू अक्षरांत मेहर, वकील, दोन गवाह, सगळे लिहिलेले होते. शरीअतच्या दृष्टीने त्यात काही कमी नव्हते. पण परदेशी दूतावासाला हवे असते ते आपल्या सरकारच्या निबंधकाने दिलेले नोंदणी प्रमाणपत्र. महाराष्ट्रात ही नोंदणी 1998 च्या कायद्याखाली होते. लग्नानंतर 90 दिवसांच्या आत ती करायची असते. उशीर झाला तरी होते, फक्त विलंबाचा आकार भरावा लागतो. सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीने व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2006 मध्ये सांगितले आहे.

मी आणि आपा कागद घेऊन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी फाईल चाळली आणि विचारले, "मावशी, नवरा मुलगा कुठंय?"

"जर्मनीत."

"मग तो आल्यावर या. दोघांनी समोर सही करावी लागते. तीन साक्षीदारही आणा."

तीन आठवडे तो इथेच होता! कार्यालय घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. आम्ही बिर्याणीच्या देगा मोजत बसलो, एक अर्ज भरायचे कोणाला सुचले नाही. जावई पुन्हा आला तो सात महिन्यांनी. ते सात महिने माझी भाची ना माहेरची होती ना सासरची. शेजारणी विचारायच्या, "अजून नाही गेलीस?" ती हसून उत्तर द्यायची आणि आत येऊन गप्प बसायची. बायकोला परदेशी नेले नाही म्हणजे काहीतरी बिनसले आहे, असा अर्थ आपल्याकडे फार लवकर काढला जातो. बिनसले काहीच नव्हते, फक्त एक कागद राहिला होता.

सात महिन्यांनी नोंदणी झाली तेव्हा दुसरी अडचण निघाली, नावाची. निकाहनाम्यात भाचीच्या नावापुढे 'बी' लावलेले. शाळेच्या दाखल्यावर 'बी' नाही. आधारकार्डावर वडिलांचे नाव मध्ये. पासपोर्टवर आडनावाची जागाच कोरी. इंग्रजीत शेख लिहिताना एका कागदावर 'ए-आय' आणि दुसऱ्यावर 'ई-आय'. आपल्या समाजात हे घरोघरी आहे. घरात ती एकच मुलगी असते, पण कागदावर चार मुली होतात. परदेशी अधिकाऱ्याने त्या चौघींना एक का मानावे? संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर 2022 पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन आणि भेटीचा व्हिसा देणे बंद केले. तेव्हा कितीतरी लोक जागे झाले. आम्ही आधी पासपोर्ट दुरुस्त केला, मग उरलेले कागद त्याच्याशी जुळवले. काझीसाहेबांनीही त्रास न मानता निकाहनाम्याची प्रत नीट करून दिली. उर्दूचा अधिकृत अनुवाद करून घेतला.

या खटपटीत भाचीने स्वतःसाठी एक काम काढले. पिंपरीहून मेट्रोत बसायचे, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून रुबी हॉलला उतरायचे आणि बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायचे. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. झाडांची सावली असलेला शांत रस्ता. चाकणच्या धुळीतून आलेल्या माणसाला तिथे जरा बुजल्यासारखेच होते. वर्गात मात्र आपलीच मुले-मुली होती. कोणी नर्स, कोणी इंजिनिअर, आणि आमच्या भाचीसारख्या काही नवविवाहिता.

जर्मनीत नवऱ्याकडे जाणाऱ्या पत्नीला काही प्रकारांत, उदाहरणार्थ नवरा जर्मन नागरिक असेल तेव्हा, भाषेची 'ए-वन' ही पहिली पायरी साधारणपणे आधी पार करावी लागते. आमच्या जावयाकडे 'ब्लू कार्ड' होते. उच्चशिक्षित नोकरदारांना ठरावीक पगाराच्या अटीवर मिळणारा हा परवाना. त्याच्या पत्नीला भाषेची अट नाही, शिवाय तिथे नोकरी करण्याचीही मुभा आहे. मी भाचीला म्हटले, "मग कशाला एवढी धावपळ?" ती म्हणाली, "खाला, ते कामावर गेल्यावर डॉक्टरकडे मी काय बोलू? प्रत्येक वेळी त्यांनाच फोन करू?" मला उत्तर सुचले नाही.

त्याच सुमारास आपाच्या शेजारची एक मुलगी शारजाला निघाली होती. तिची वाट वेगळी. तिथे बायकोला बोलावणाऱ्या नवऱ्याचा पगार महिना 4,000 दिरहम, किंवा 3,000 दिरहम आणि राहायची जागा, असा असावा लागतो. तिच्या लग्नाच्या प्रमाणपत्रावर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा आणि तिथे पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का घ्यावा लागला. सौदी अरेबियासाठी डिसेंबर 2022 पासून हे सोपे झाले आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपोस्टिल' हा एकच शिक्का तिथे चालतो, दूतावासाचा वेगळा लागत नाही. या शिक्क्यांच्या नावावर दलाल वाटेल तेवढे पैसे मागतात. त्या मुलीच्या वडिलांनी एकाला मूळ प्रमाणपत्र पावतीशिवाय दिले आणि ते परत मिळवायला दीड महिना खेटे घातले. मूळ कागद पावती घेतल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नये.

मला यात सगळ्यात जास्त बोचले ते वेगळेच आहे. दोन्हीकडे बायकोचे तिथले राहणे नवऱ्याच्या परवान्याला बांधलेले असते. त्याची नोकरी गेली, तो वारला, किंवा नाते तुटले, तर तिचे काय? हा प्रश्न अशुभ म्हणून कोणी विचारत नाही. पण उत्तरे आहेत, ती माहीत असावीत. अमिरातीने 2018 मध्ये विधवा आणि तलाक झालेल्या स्त्रियांना नवऱ्याच्या आधाराशिवाय एक वर्ष राहण्याची सोय केली. जर्मनीत दोघांचा संसार तिथे साधारण तीन वर्षे झाला, की नाते तुटले तरी पत्नीला स्वतःच्या नावाने राहण्याचा हक्क मिळू शकतो. मारहाणीसारखा छळ असेल तर तीन वर्षे पुरी होण्याची वाटही पाहावी लागत नाही. मुलीला निरोप देताना आपण दागिन्यांची यादी करतो. तिच्या हक्कांचीही दोन ओळींची यादी करून दिली, तर बिघडले कुठे?

देण्याघेण्याचा व्यवहार गवाहांसमोर लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. आपण मेहर लिहितो, गवाह घेतो, म्हणजे लिहिण्याची सवय आपल्याला नवी नाही. फक्त ती काझीसाहेबांच्या वहीपाशी थांबते. निकाहच्याच आठवड्यात, वलीम्याची भांडी परत करण्याआधी, नवरा-नवरीने नोंदणी कार्यालयात जाऊन यावे. साखरपुड्यालाच दोघांचे पासपोर्ट आणि आधार शेजारी ठेवून नावे जुळवावीत. प्रत्येक कागदाच्या प्रती मुलीच्या स्वतःच्या फाईलमध्ये आणि तिच्या स्वतःच्या ईमेलमध्ये असाव्यात, फक्त नवऱ्याच्या नाही.

भाचीचा अर्ज मुंबईला गेला. जावयाचा परवाना, पगाराच्या पावत्या, घराचा करार, प्रमाणपत्र, सगळे एका नावाने, एका स्पेलिंगने. काही आठवड्यांनी पासपोर्ट व्हिसा लागून परत आला. ती गेली त्या रात्री आपा विमानतळावर रडली नाही, घरी येऊन रडली.

परवा मी पुन्हा चाकणला गेले होते. भाचीचा व्हिडिओ कॉल आला. पत्त्याची नोंद करायला ती तिथल्या कार्यालयात एकटी गेली होती. जावई कामावर होता. "खिडकीतल्या बाईंनी नाव विचारलं," ती सांगत होती, "मी जर्मनमध्ये सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून. त्यांनी पासपोर्ट बघितला, प्रमाणपत्र बघितलं आणि लगेच शिक्का मारला."

आपाने विचारले, "काही विचारलं नाही?"

"नाही अम्मी. सगळीकडे एकच नाव होतं ना."

आपाच्या धाकट्या मुलीचे यंदा ठरते आहे. मुलगा पिंपरीतच नोकरीला आहे, परदेशाचा सध्या विचार नाही. तरी आपाने नोंदणीचा अर्ज आत्ताच आणून ठेवला आहे. निघताना तिने मला तो दाखवला आणि म्हणाली, "नाव तेवढं तू वाच गं एकदा." मी चष्मा लावला आणि एकेक अक्षर वाचले. मग भोसरीच्या बसला लागले.