मंगळावरची वावटळ

वैशाखातली दुपार. जुन्नर-आंबेगावकडची शेते नांगरून मोकळी पडलेली असतात. तापलेल्या ढेकळांवरून एकाएकी वावटळ उठते, पालापाचोळा गरगर फिरवीत बांधापलीकडे जाते आणि विरून जाते. पुढे वळवाची एक सर आली, की उरलासुरला धुरळाही खाली बसतो.

मंगळावर ही सर कधीच येत नाही. तेथील हवा पृथ्वीवरील हवेच्या शतांशाहूनही विरळ! तरी वाऱ्याचा जोर वाढला, की वाळूचे कण टुणटुण उड्या मारू लागतात आणि त्यांच्या आघाताने पिठाहून बारीक धूळ वर उधळते. ही धूळ सूर्याची उष्णता शोषते. भोवतालची हवा तापते. त्यामुळे वारा अधिकच चवताळतो आणि आणखी धूळ उचलतो. मंगळाच्या दक्षिण गोलार्धात वसंत व ग्रीष्म असताना तो ग्रह सूर्याच्या अधिक जवळ असतो. वादळांचा हंगाम तोच. बहुतेक वादळे थोड्याच प्रदेशात शमतात. पण काही वर्षांनी एखादे असे पसरते, की काही आठवड्यांत सारा ग्रह झाकून जातो. १९७१ साली 'मरिनर ९' यान तेथे पोहोचले, तेव्हा धुळीवर डोके काढून उभी असलेली ज्वालामुखींची चार शिखरे सोडली, तर त्यास फारसे काही दिसलेच नाही. २०१८ च्या वादळात तर 'ऑपॉर्च्युनिटी' या गाडीला ऊन मिळेना. ती कायमची मूक झाली.

अशाच धुळीच्या हंगामात, १९ ऑक्टोबर २०१६ रोजी, युरोपचे 'स्कियापारेल्ली' यान मंगळावर उतरू लागले. वारा व धूळ यांचा अभ्यास करणारी उपकरणे त्यात होती. त्याचा क्षीण संदेश ऐकण्यास जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण कान लावून बसली होती. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या तबकड्या ३०. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. साडेसतरा कोटी किलोमीटर ओलांडून येण्यास संदेशास जवळजवळ दहा मिनिटे लागत. तो आला, स्पष्ट कळला; आणि यान जमिनीस टेकण्यापूर्वीच थांबला.

वादळाने घात केला नव्हता. आपण जमिनीवर पोहोचलो, अशी यानाच्या संगणकाची चुकीची समजूत झाली आणि त्याने हवाईछत्री वेळेआधीच सोडून दिली. यान कित्येक किलोमीटर उंचीवरून कोसळले. धूळ मोजावयास गेलेली उपकरणे त्या धुळीतच चूर झाली. खोडदला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते.