भिंतीवरची रेघ

आमच्या कुर्ल्याच्या खोलीत, कपाटाच्या कडेला, भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ आहे. २६ जुलै २००५ चे पाणी तिथवर चढले होते. पुढे खोलीला दोनदा रंग लागला; बाबांनी तेवढी रेघ राखली. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. लहानपणी मी माझी उंची त्या रेघेशी मोजत असे.

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या जुन्या पावसाळी गटारांचा हिशेब होता ताशी २५ मिलिमीटरचा; तोही समुद्राला ओहोटी असताना, आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे धरून! मुरायला माती उरली कुठे? आमच्या चाळीच्या अंगणातसुद्धा केव्हाच फरशी आली. भरतीच्या वेळी तर कित्येक गटारांची तोंडेच पाण्याखाली जातात. १९९३ च्या अहवालाने ताशी ५० मिलिमीटर सुचवले. २००५ नंतर कामाला वेग आला, पंप बसले. पण हिशेब शेवटी मागच्या पावसाचाच, आणि पाऊस तर बदलतो आहे. थोड्या तासांत कोसळून जाण्याची त्याची रीत वाढते आहे.

मी इतिहासाचा विद्यार्थी. गेल्या काळावरून पुढचा ताडू नये, असे आमचे सर बजावतात. बिचाऱ्या इंजिनिअराने मग कशावरून ताडावे?

यंदा मे महिन्यात बाबांनी पुन्हा फ्रिजखाली विटा लावल्या. “बाबा, नाला आता रुंद केलाय,” मी म्हणालो.

“हो रे,” म्हणत त्यांनी रेघेकडे पाहिले आणि आणखी एक वीट सरकवली.